कूलरवरच्या गांधीलमाश्या आणि गोठ्याची भिंत

आमचं घर गावात नाही, वावरात आहे. मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या बगीच्याला लागून. भिंती दगड-मातीच्या, वर कवेलू, पुढे मागाहून टाकलेलं टिनाचं शेड, बाजूला गोठा आणि गोठ्याला चिकटून कुटाराची, म्हणजे बैलांच्या कोरड्या भुशाची, खोली. अशा घराला भेगा असतात, बिळं असतात, आणि त्यात कोणी ना कोणी राहत असतं. साप निघाला तर सर्पमित्राला फोन करायचा, विंचू निघाला तर चप्पल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गांधीलमाश्यांचं मात्र प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. आमच्या गोठ्याच्या भिंतीत त्यांनी घर केलं तेव्हा मी ही सगळी शास्त्रं ऐकली आणि त्यातली बरीचशी बाजूला ठेवली. ते सगळं लिहून काढते आहे, कारण भादव्यात दरवर्षी कोणाकडे ना कोणाकडे हाच प्रश्न येतो.

सुरुवात कूलरपासून झाली. वैशाखात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि दुपारी बारा ते चार माणूस, ढोर, पाखरू कोणीच बाहेर नसतं. त्या सन्नाट्यात ओसरीतल्या कूलरच्या ओल्या ताट्यांवर गांधीलमाश्या येऊन बसायच्या. एक गेली की दुसरी. पाणी पिताना त्यांचं पोट आत-बाहेर होताना दिसायचं. पोट भरलं की जराही घिरट्या न घालता एका रेषेत उडून जायच्या. ही वर्दळ नुसत्या तहानेची नसते. गांधीलमाशी पाणी पोटात भरून पोळ्यावर नेते, तिथे त्याचे थेंब पसरवते आणि मग पंखांनी वारा घालते. पाणी उडून जाताना पोळं गार होतं. आमच्या कूलरच्या पाण्यावर त्यांचाही एक कूलर कुठेतरी चालू होता, एवढं त्यावरून नक्की झालं.

आता माशी कोणती ते आधी ओळखायला हवं, कारण लोक उडणाऱ्या आणि चावणाऱ्या सगळ्यांना एकच नाव देतात. कूलरवर येणारी तांबूस तपकिरी, तोंड पिवळं, पोटावर ठसठशीत पिवळा पट्टा. हिला ओरिएंटल हॉर्नेट म्हणतात, शास्त्रीय नाव व्हेस्पा ओरिएंटॅलिस. ही मुळात कोरड्या, उष्ण मुलखातली. उत्तर आफ्रिका, अरबस्तान, इराण करत करत आपल्यापर्यंत तिचा पसारा आहे. वाळवंटात जी जगते तिला वऱ्हाडातला उन्हाळा काय करणार? बाकीच्या गांधीलमाश्या भर उन्हात जरा दमानं घेतात, ही मात्र टळटळीत दुपारीच जास्त काम करते. 2010 साली इस्रायल आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी तिच्या कातडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपकिरी भागातलं मेलॅनिन आणि पिवळ्या पट्ट्यातलं झॅन्थोप्टेरिन नावाचं रंगद्रव्य ऊन शोषून घेतं आणि त्यातून थोडीशी वीजही तयार होते, असं त्यांना दिसलं. आमच्या ओसरीतून पाहणाऱ्याला हे अजिबात खोटं वाटणार नाही.

दुसरी गांधीलमाशी काळपट, पोटावर एकच रुंद नारिंगी-पिवळा पट्टा. ती व्हेस्पा ट्रॉपिका. ती टिनाच्या शेडखाली यायची ती आमच्यासाठी नव्हे, तिथे लोंबणाऱ्या कागदमाश्यांच्या छोट्या पोळ्यातली पिल्लं पळवायला. या कागदमाश्या बारीक, लालसर, कमरेला अगदी सुतासारख्या. यातल्याच एका जातीवर, रोपॅलिडिया मार्जिनाटावर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी कित्येक दशकं संशोधन केलं आहे. आपण दिवाळीच्या साफसफाईत जी पोळी झाडूच्या दांड्यानं पाडतो, त्यांत राणी कोण होणार यावर केवढं राजकारण चालतं ते त्यांच्यामुळे कळलं. खिडकीच्या चौकटीत चिखलाची मडकी करते ती कुंभारीण. ती एकटीच असते, अंगावर धावून येत नाही. तिला आम्ही कधी हात लावत नाही.

पोळं शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुपारी ओसरीत मीच असते. युक्ती साधी आहे. पाणी पिऊन उडालेली माशी सरळ घराकडे जाते. ऊन पाठीशी घेऊन उभं राहायचं आणि ती कोणत्या दिशेला जाते ते पाहायचं. मग दुसऱ्या पाणवठ्यावरून, म्हणजे आमच्याकडे विहिरीजवळच्या हौदावरून, तसंच पाहायचं. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे पोळं. आमच्या रेषा गोठ्याच्या मागच्या भिंतीवर मिळाल्या. पायथ्याशी घुशीचं जुनं बीळ होतं. त्याच्या तोंडाशी बाजरीच्या दाण्याएवढ्या मातीच्या गोळ्यांचा ताजा सडा पडला होता. थोडं लांब उभं राहून पाहिलं तर माशी आतून जबड्यात मातीची गोळी धरून बाहेर येते, हातभर उडते आणि ती टाकून परत आत जाते. खोली वाढवायचं काम चाललं होतं.

सासूबाईंचं म्हणणं, "काहून छेडता त्याइले? त्या आपल्या वाटेनं जातेत, आपुन आपल्या." आणि तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. उन्हाळ्यात बैल कडुनिंबाखाली असतात, गोठा रिकामा, त्या भिंतीकडे कोणी फिरकत नाही. आम्ही राहू दिलं. पोळ्यातल्या माश्यांची कामंही काही वाईट नसतात. पिल्लांना मांस लागतं, म्हणून मोठ्या माश्या दिवसभर अळ्या, माश्या, टोळ धरून नेतात. स्वतःला घट्ट अन्न गिळता येत नाही. पिल्लांना मांस भरवायचं आणि त्यांच्या तोंडातून येणारा गोडसर रस आपण प्यायचा, असा त्यांचा व्यवहार असतो. कपाशीवरच्या अळ्या त्या नेत असतील तर नेऊ द्या. मात्र त्या मधमाश्याही नेतात, आणि संत्र्याच्या बहाराला मधमाशीचा उपयोग होतोच. त्यामुळे माझं मत दोन्हीकडे झुकतं आणि शेवटी अंतरावर येऊन थांबतं. बांधावर असतील तर असोत. दाराशी नकोत.

पाऊस लागला, बैल गोठ्यात आले आणि प्रश्न दाराशी आला. या माश्यांचं वर्ष फाल्गुन-चैत्रात सुरू होतं. एकटी राणी जागा शोधते, पहिल्या काही खोल्या स्वतः बांधते, पहिली पिल्लं स्वतः वाढवते. ती मोठी होऊन कामाला लागली की राणी फक्त अंडी घालते. मग संख्या भराभर वाढते आणि श्रावण-भाद्रपदात पोळं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चिडकं होतं. नेमका तेव्हाच पोळा येतो. सालभर राबलेल्या बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, आणि आदल्या दिवशी गोठ्याच्या दारात खांदे शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. घुंगरांचा, पोट्ट्यांचा, ढोलाचा गलका त्या भिंतीला लागून होणार. जमिनीची थरथर पोळ्यापर्यंत पोचली की पहारेकरी माश्या बाहेर येतात. बांधलेल्या बैलाला तर पळताही येत नाही.

आवाजही यायला लागला होता. कुटाराच्या खोलीत रात्री भिंतीतून खर्र... खर्र... सासूबाई म्हणाल्या, उंदीर. मी भिंतीला कान लावला. उंदीर थांबून थांबून कुरतडतो. हा आवाज एका लयीत होता, अनेक ठिकाणांहून एकदम, आणि मध्येच सगळीकडे बंद. ती भुकेली पिल्लं होती. पिल्लू आपल्या खोलीच्या भिंतीवर जबडा घासतं आणि खायला मागतं. ओरिएंटल हॉर्नेटमध्ये हे चांगलं नोंदलेलं आहे. सासूबाईंनीही कान लावला. नंतर कितीतरी वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "आता मातर यायचं काही करा."

त्याच सुमाराला बगीच्यात एक प्रकार झाला. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू होती. गळलेल्या, फुटलेल्या फळांवर गांधीलमाश्या चिकटून बसतात, वरून दिसत नाहीत. निंदणाला आलेल्या एका बाईंनी गवतात हात घातला आणि हाताच्या पंजावर आणि मानेवर डंख बसले. आधी सगळ्यांनी उपाय सुरू केले. कोणी चुना आणला, कोणी विळ्याचं लोखंड घासलं, एकजण काटा शोधत बसली. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, गांधीलमाशीचा राहत नाही. तिची नांगी गुळगुळीत असते आणि ती पुन्हा पुन्हा डंख मारते. म्हणून काटा शोधण्यात वेळ घालवायचा नाही. पंजा सुजायला लागला होता, म्हणून मी आधी साबण लावून त्यांच्या बांगड्या उतरवल्या. थोड्या वेळानं उतरल्या नसत्या, कापाव्या लागल्या असत्या. थंड पाण्याची पट्टी ठेवली. तेवढ्यावर भागलं असतं, पण पाहता पाहता त्यांच्या पोटावर, मांड्यांवर पित्ताच्या गांध्या उठल्या, ओठ सुजले आणि आवाज घोगरा झाला. "घसा आवळून रायला वयनी," त्या म्हणाल्या.

जिथे डंख बसला तिथे कितीही सुजलं तरी ते सहसा निभावतं. डंख हाताला आणि गांध्या पोटावर, घसा आवळणं, धाप, चक्कर, उलटी, यातलं काहीही दिसलं की घरगुती उपाय तिथेच थांबवायचे. ती अ‍ॅलर्जीची जोरदार प्रतिक्रिया असते आणि मिनिटांचा खेळ असतो. 108 ची गाडी कुठे आहे ते विचारलं, ती लांब होती, म्हणून भाऊजींनी आपली गाडी काढली. बाईंना बसवून नेण्याऐवजी मागच्या सीटवर आडवं केलं, पाय उंच केले. चक्कर येत असताना उभं करणं, चालवणं धोक्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडीत अ‍ॅड्रेनलिन दिलं, बाकीची इंजेक्शनं नंतर. काही मिनिटांत आवाज मोकळा झाला. तरी संध्याकाळपर्यंत सोडलं नाही, कारण काही तासांनी पुन्हा उलटू शकतं. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसालाही एकदम खूप डंख बसले तर विषानं स्नायू आणि रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अशा माणसाची लघवी काळ्या चहासारखी झाली, कमी झाली, तर दुखणं थांबलं असलं तरी दवाखाना गाठायचा.

या प्रकारानंतर घरात सल्ल्यांचा पूर आला. सालदार म्हणाला, "वयनी, डिझेल वता अन् काडी लावा, खटका मिटला." काडी लावायची कुठे? भिंतीच्या पलीकडे छतापर्यंत कुटार भरलेलं. कवेलूखाली सागाचे वासे. दर भादव्यात कुठे ना कुठे या नादात गोठा जळतो. नुसतं डिझेल ओतावं तर जमीन खराब होते, आणि विहीर जवळ. शेजारच्या काकांनी टेंभा सुचवला. आग्या मोहोळाला धूर देतात तसा गोवरीचा धूर द्या, असंही कोणी म्हणालं. धुरानं मधमाशी नरमते, कारण ती मध पोटात भरून निघायच्या तयारीला लागते. गांधीलमाशीकडे मध नसतो आणि निघायचा विचारही नसतो, ती सरळ धूर देणाऱ्यावर येते.

सगळ्यात जास्त मतं पडली कपाशीच्या औषधाला. पंप घरात, औषध घरात, बिळात नळी घाला आणि मारा. याला मी ठाम नाही म्हटलं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरांत काय झालं ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही, आणि ते उघड्या वावरात. इथे तर बंद गोठा, गव्हाण, बैलांचं कुटार, खाली दाणे टिपणाऱ्या कोंबड्या. शिवाय पातळ फवारा बिळाच्या पहिल्या वळणावरच संपतो. पोळं आत भिंतीच्या पोटात. बाहेरच्या दहा-पंधरा मरतील आणि बाकीच्या चवताळतील. एखादी चेंगरली तरी तिच्यातून असा वास सुटतो की आतल्या सगळ्या धावून येतात. चपलेनं मारायला जाणाऱ्याचं म्हणूनच बहुधा वाईट होतं.

मग माणूस शोधणं. शहरातल्या एका कंपनीनं फोनवरच आगाऊ रक्कम मागून घेतली, आज येतो उद्या येतो करत आलीच नाही, आणि ते पैसे अजून परत आलेले नाहीत. जवळच्या शहरातल्या अग्निशमनवाल्यांनी हद्दीचं कारण सांगितलं. शेवटी सर्पमित्रानं नंबर दिला. तालुक्याच्या ठिकाणी वाळवीची, ढेकणांची कामं करणारा एक माणूस, तो मोहोळंही काढतो. त्यानं पहिलंच विचारलं, "पाहाले दिवसा येऊ ना? रातच्याले निस्तं मारता येते, दिसत काही नाई." तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

दिवसा येऊन त्यानं काहीच केलं नाही, फक्त लांबून पाहिलं. गोठ्याला चक्कर मारली, कवेलूंच्या कडा पाहिल्या, कुटाराच्या खोलीत गेला. आणि गव्हाणीखाली, आतल्या बाजूनं, त्याला दुसरं भोक सापडलं. एखाद-दुसरी माशी तिथूनही जा-ये करत होती. बाहेरच्या तोंडावर काही मारलं असतं तर सगळ्या गोठ्यात उतरल्या असत्या.

रात्रीची तयारी त्यानं सांगितली तशी आम्ही केली. बैल, गाय कडुनिंबापलीकडे नेऊन बांधले. कोंबड्या खुराड्यात. घरातले दिवे बंद, कारण अंधारात चिडलेली माशी उजेडाकडे उडते. पोट्टे आत, दार लावून. पोळा अमावस्येला येतो, त्यामुळे आधीच्या रात्री काळ्याकुट्टच असतात, ते बरं झालं. वरून झिमझिम पाऊस, म्हणजे सगळ्या घरात.

तो नऊनंतर आला. अंगात मधपाळांचा जाड पांढरा पोशाख, तोंडावर जाळी, हातमोज्यांच्या आणि गमबुटांच्या तोंडाला चारचार वेढे पॅकिंग टेप. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरानं बसवलेला. लाल उजेड या माश्यांना जवळजवळ दिसत नाही. मी आणि हे ओसरीतून खिडकीच्या जाळीआडून पाहत होतो. तो आधी आत गेला आणि गव्हाणीखालचं भोक ओल्या मातीत कालवलेल्या तारेच्या घासणीनं गच्च बुजवलं. मग बाहेर. बिळाच्या समोर तो उभाच राहिला नाही. भिंतीला पाठ लावून बाजूनं हात नेला. रबरी फुग्याचा पंप, त्याला लांब नळी, फुग्यात पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची कोरडी पावडर. नळी आत सरकवली आणि फुगा दाबला. फुस्स. एक क्षण काही नाही. मग भिंतीतून घूंऽऽ असा आवाज चढत गेला. ओसरीपर्यंत ऐकू येत होता. तो फुगा दाबत राहिला, घाई नाही, बोलणं नाही. काही माश्या तोंडाशी आल्या, लाल उजेडात जमिनीवर गोल गोल फिरल्या आणि पडल्या. दोन-चार त्याच्या जाळीवर आपटल्या. तो हात झटकत नव्हता. नळी काढून तो सावकाश मागे सरकत अंधारात गेला, पोशाख झटकला आणि तिकडेच बराच वेळ उभा राहिला.

बाहेरचं भोक त्यानं उघडं ठेवलं. ह्यांना ते पटेना. आत्ता लिंपलं तर त्यातच मरतील ना? तो म्हणाला, कोंडल्या तर दुसरीकडून खणतील, माती त्यांना लोण्यासारखी. आणि रात्री बाहेर राहिलेल्या सकाळी परत येतील, त्यांनी त्याच पावडरीतून चालत आत जायला हवं. पावडर पायांना, अंगाला चिकटते आणि साफसफाई करताना पोटात जाते. फवाऱ्यापेक्षा पावडर का चांगली, ते असं. दुसऱ्या दिवशी तुरळक ये-जा होती, नंतर तीही थांबली. कुटाराच्या खोलीत मी पुन्हा कान लावला. भिंत गप्प होती.

पैसे किती, तर 1,500 रुपये आणि चहा. बैल बाहेर पाहून त्यानं त्यांची वयं विचारली आणि दातही पाहिले. त्याचा बाप बैलांचा व्यापार करायचा म्हणे.

भिंत उकलली ती पोळ्याच्या सणानंतर. तो पुन्हा आला होता, तोंडाला फडकं बांधून. खालचे तीन दगड काढले तर आत टोपलीभर पोकळी. एकाखाली एक मजले, आडवे, मधे जाडसर खांब. खोल्यांची तोंडं खाली. हाताला पोळं कागदासारखं नव्हे तर ठिसूळ, मातकट लागतं, कारण ही माशी लाकडाच्या लगद्यात माती मिसळते. कडेच्या खोल्या मोकळ्या, मधल्या पांढऱ्या रेशमी टोपणांनी बंद. एका टोपणाला आतून गोल कापलेलं होतं आणि तिथे पिवळं तोंड अर्धं बाहेर येऊन थांबलेलं. सासूबाई काठीनं मजले मोजत होत्या. "एवढं बांधकाम कराले आपल्याले ठेकेदार लागते," त्या म्हणाल्या.

ते सगळं खोल खड्ड्यात पुरलं. विष लागलेली पिल्लं कोंबड्यांनी खाल्ली असती, म्हणून खुराडं अजून बंदच ठेवलं होतं. भिंतीत दगड परत बसवून सिमेंट-रेतीनं दरजा भरल्या, घुशीच्या बिळात फुटक्या काचा घालून.

आता हे काम भादव्यापर्यंत जाऊच देत नाही. होळीला कूलर काढतो तेव्हा पहाटे, थंडी असताना, त्याच्या ताट्या उघडून आतून पाहतो; बंद पडलेला कूलर कागदमाश्यांना फार आवडतो. चैत्रात भिंतीच्या कडेनं खालून, भोकाभोकात डोकावत फिरणारी मोठी गांधीलमाशी दिसली की ती राणी. डास मारायची बॅट त्यासाठी ओसरीत टांगलेली असते. ती एक गेली की पुढचं सगळं पोळं टळतं. टिनाखाली लिंबाएवढं सुरुवातीचं पोळं दिसलं तर तेही पहाटेच, ती एकटी आत असताना. बाटलीचा सापळाही याच दिवसांत कामाला येतो: वरचा भाग कापून उलटा बसवायचा, आत गुळाचं पाणी आणि थोडं व्हिनेगर, म्हणजे मधमाशी येत नाही. भाद्रपदात असे सापळे लावणाऱ्यांना बाटलीभर माश्या पाहून समाधान मिळतं, पोळ्याला काही होत नाही.

पाण्याचं म्हणाल तर कूलर सुरू करायच्या आधीच बगीच्याच्या टोकाला, मोटारीजवळ, उथळ परळ भरून ठेवतो. त्यांना एकदा तो पाणवठा कळला की ओसरीत येणं बरंच कमी होतं. कूलरच्या ताट्यांना बाहेरून बारीक जाळी लावली आहे. आणि गळलेली संत्री. ती रोज गोळा करून पुरतो. हे रसशोषक पतंगासाठी करायचंच असतं, गांधीलमाशी त्यात आपोआप आली. आंबलेल्या फळात अल्कोहोल होतं, पण त्यानं ती झिंगून पडेल अशी आशा करू नका. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधनात या माश्यांना 80 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलं द्रावण पाजलं, तरी त्या नीट जगल्या, वागल्या. मोहाच्या दिवसांत मेळघाटातल्या गांधीलमाश्यांची काय चंगळ असेल, ते मनात येऊन जातं.

यंदा भाऊजींच्या वावरात, जुन्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाखाली एक पोळं निघालं. घरापासून लांब, नाल्याकाठी. त्यांना ढीगच पेटवायचा होता. मी म्हटलं, दिवाळीनंतर थंडी पडू द्या. तोवर नव्या राण्या उडून जातात, कामकरी माश्या मरतात, आणि रिकाम्या पोळ्यात पुढच्या वर्षी कोणी परत राहायला येत नाही. गवत कापायला जाणाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून ढिगाच्या अलीकडे काठी रोवून लाल चिंधी बांधली. जाऊबाईंची तक्रार वेगळीच होती: तोवर चुलीला पऱ्हाटी कुठून आणायची? तेवढे दोन भारे आमच्याकडचे दिले.